दुसऱ्या भेटीला कोण येत नाही?

चि.,
अनेक आशीर्वाद.

बीडच्या बायकांमधल्या लैंगिक आजारांवरच्या अभ्यासाचा तुझा प्रस्ताव वाचला. आधी हिशेब दुरुस्त कर. शेवटी 240 बायका हव्यात, गळती, म्हणजे पुढच्या भेटींना न येणाऱ्या, 20 टक्के धरलीस आणि 48 मिळवून 288 लिहिलंस. त्यातून 20 टक्के गेल्या की 230च उरतात. 240ला 0.8ने भागायचं, नोंदणी 300ची.

भरती फक्त सुरक्षा क्लिनिकमधून, म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यातून, करू नकोस. तिथे त्रास आहे आणि तो सांगायचं धाडस आहे, अशाच बायका भेटतात. डॉ. राणी बंग यांच्या गडचिरोलीच्या अभ्यासात (लॅन्सेट, 1989) तक्रार असो-नसो, दोन गावांतल्या 650 स्त्रिया तपासल्या. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला. आधी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के. दवाखान्याच्या रजिस्टरात हे कधी दिसलं असतं?

आता गळती. बीडमध्ये सप्टेंबरात नोंदणी आणि डिसेंबरात दुसरी भेट? तेव्हा निम्मं गाव उसाच्या फडात असतं. मेमध्ये नोंदव, ऑगस्टात भेट. तरी जी येणार नाही तिच्यापुढे नुसतं 'संपर्क नाही' लिहू नकोस. बाळंतपणाला माहेरी गेलेली आणि नवऱ्याने फोन तपासला म्हणून थांबलेली, या दोघी एका रकान्यात बसत नाहीत. दुसरीसारख्या बायका गळल्या, तर तुझे निष्कर्षच तिरके होतील.

म्हणून संमतीच्या दिवशीच वेगळा संपर्क-कागद भर: फोन कुणाचा, कोणत्या वेळी करायचा, मेसेज चालेल का, दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचं. खोटं बोलायचं नाही, पण आजाराचं नावही घ्यायचं नाही. 'महिला आरोग्य अभ्यासातून बोलतेय, ताई आहेत का?' एवढं पुरे. हा कागद प्रश्नावलीपासून वेगळ्या कुलपात. प्रश्नावलीवर फक्त कोड.

प्रवासभाडं आणि बुडालेली मजुरी प्रत्येक भेटीला हातात दे. सगळे पैसे शेवटच्या भेटीपर्यंत अडकवले तर ती जबरदस्तीच, आणि एथिक्स कमिटी विचारणारच.

वयाची अट तू मोघम सोडली आहेस. तुझ्या भागात लग्नं लवकर होतात. अठराखालची मुलगी लैंगिक संबंधांबद्दल बोलली, तर पॉक्सोच्या (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 19 नुसार ते कळवावं लागतं, लग्न झालेलं असलं तरी. तिला 'कुणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. या अभ्यासापुरतं 18 पूर्ण हीच अट ठेव.

संपर्क-कागदाचा मसुदा सोमवारपर्यंत पाठव. मराठीतच लिही, इंग्रजीवरून उतरवलेला नको.