वाचकांचे प्रश्न : दालमिलची सीसी, जिनिंगची जामिनकी

प्रश्न : जळगाव एमआयडीसीत आमची दालमिल आहे, भागीदारी फर्म. राष्ट्रीयीकृत बँकेत ९० लाखांची सीसी (कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेपर्यंत हवे तेव्हा उचलायचे कर्ज). उधारी अडकल्याने दोन महिन्यांपासून खाते लिमिटबाहेर आहे. ‘दिवाळखोरीत जा, बँक थांबते,’ असे सांगतात. जावे का?

उत्तर : तो रस्ता तुम्हाला नाहीच. २०१६च्या दिवाळखोरी संहितेतली एनसीएलटीची (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) प्रक्रिया कंपनी आणि एलएलपीसाठी (मर्यादित दायित्वाची भागीदारी) आहे. भागीदारी फर्मची कलमे अजून लागू केलेली नाहीत. तुमच्या कामाचे आहे ते रिझर्व्ह बँकेचे १७ मार्च २०१६चे परिपत्रक, २५ कोटींपर्यंत कर्ज असलेल्या अडचणीतल्या लघुउद्योगांना सावरण्यासाठीचे. त्यानुसार प्रकरण बँकेच्या समितीपुढे जाते. साठ दिवस उलटले की खाते एसएमए-२ (धोक्याच्या इशाऱ्याची शेवटची पायरी), नव्वद उलटले की एनपीए, म्हणजे बुडीत वर्गात. म्हणून अर्ज याच आठवड्यात द्या. लेखी द्या, आवक शिक्का घ्या आणि उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग नोंदणीचे) जोडा. मॅनेजरशी चहावर झालेले बोलणे धरले जात नाही.

त्याआधी स्टॉक स्टेटमेंट काढून बघा. गोदामात तूर-हरभऱ्याची पोती तेवढीच असतात, पण नव्वद दिवसांपुढची उधारी बँक बहुधा डीपीत (ड्रॉइंग पॉवर, म्हणजे माल-उधारीवर प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम) धरत नाही. ४० लाखांच्या येण्यातले २५ लाख जुने झाले, की एक रुपया न उचलताही खाते ओव्हरड्रॉन दिसते. समितीपुढे उधारीची वयवार यादी ठेवा आणि अडकलेली रक्कम हप्त्यांच्या मुदत कर्जात वळवून मागा. हे परिपत्रक बँकांवर बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४मध्ये प्रो निट्स प्रकरणात म्हटले. पण खाते एनपीए होण्याआधी कागद पुढे करणे उद्योजकाचे काम, हेही त्याच निकालात आहे.

प्रश्न : चोपड्याजवळ आमची जिनिंगची प्रा. लि. कंपनी आहे. ती एनसीएलटीत गेली तर जामीनदार वडिलांची केळीची शेती वाचेल?

उत्तर : दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ची वसुलीवरची स्थगिती कंपनीला मिळते, जामीनदाराला नाही. बँक वडिलांवर स्वतंत्रपणे जाऊ शकते. शेतजमीन तारण असली तरी सरफेसीखाली (कोर्टाविना तारण जप्त करू देणारा कायदा) तिचा ताबा घेता येत नाही. मात्र सातबाऱ्यावर नुसते ‘शेती’ असून भागत नाही, जमीन खरोखर पिकाखाली हवी. पीकपाहणीच्या नोंदी दरवर्षी करून ठेवा. डीआरटीतून (कर्जवसुली न्यायाधिकरण) वसुलीचा मार्ग बँकेला तरीही राहतो.

कंपनी उद्यम-नोंदणीकृत असेल तर आधी प्री-पॅकचा (धनकोंशी आधी तोडगा ठरवून एनसीएलटीत जाण्याची प्रक्रिया) विचार करा. थकबाकी १० लाखांची असली तरी चालते आणि कारभार तुमच्याकडेच राहतो. नेहमीच्या प्रक्रियेत तो पहिल्याच दिवशी न्यायाधिकरणाने नेमलेल्या रिझोल्यूशन प्रोफेशनलकडे जातो, आणि जिनिंगच्या ऐन हंगामात ते परवडत नाही.