एकाच तारखेला घडलेल्या घटना, जन्म आणि मृत्यू यांचं ठळक उदाहरण कोणतं?

माझं उत्तर: १ ऑगस्ट. त्यातही १ ऑगस्ट १९२०, कारण इथे नुसती तारीख नाही, सालही एकच आहे.

३१ जुलैची मध्यरात्र उलटून गेल्यावर मुंबईत, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात लोकमान्य टिळक गेले. भर पावसात लोटलेल्या गर्दीत अंत्ययात्रा निघाली आणि दहन झालं ते स्मशानात नव्हे, गिरगाव चौपाटीच्या वाळूत. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. गांधीजींनी असहकाराचा आरंभ त्याच दिवशी ठरवलेला होता, तो तसाच झाला.

आणि त्याच दिवशी वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात एका मातंग कुटुंबात तुकाराम नावाचं मूल जन्मलं. पुढे हेच अण्णाभाऊ साठे. लहानपणी वडिलांबरोबर पायी मुंबई गाठणारा हा मुलगा 'फकिरा' लिहील, हे तेव्हा कोणाला सुचणार? म्हणून तर आपल्याकडे शाळांत, कचेऱ्यांत दोन तसबिरी शेजारी ठेवून एकाच हारवाल्याकडून दोन हार आणतात. एकाची पुण्यतिथी, दुसऱ्याची जयंती. भाषण करणाऱ्याची मात्र सूर सांभाळताना तारांबळ उडते.

बाकी याच तारखेला १९१३ साली भगवानदादा जन्मले, १९३३ साली मीनाकुमारी. महसूल दिनही हाच, कारण राज्याचं महसुली वर्ष १ ऑगस्टला सुरू होतं. तलाठी असलेल्या कोणालाही विचारा!