अंगणातला गोल दगडी चर

प्रश्न: मोसम नदीकाठी पणजोबांनी बांधलेलं आमचं शेतघर आहे. काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या भिंती, आतून चुन्याचा गिलावा. अंगणात गोल दगडी चर आणि एक जाड दगडी चाक आहे. घरचे त्याला पाणचक्की म्हणतात. ती पुन्हा चालू होईल का? शिवाय गवंडी म्हणतो, भिंतींना सिमेंटचा गिलावा करून टाका. करावा का?
– एक वाचक, बागलाण

उत्तर: फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. ही पाणचक्की नव्हे, चुन्याची घाणी आहे. बैल जुंपून ते उभं चाक चरातून फिरवायचे आणि त्याखाली चुना, वाळू, विटांची सुरखी म्हणजे भुकटी मळून निघायची. तुमच्या घराचा चुना बहुधा इथेच मळला गेला असणार, म्हणून मला ती पाणचक्कीहून मोलाची वाटते.

पाणचक्कीत जात्यासारखे दोन गोल दगड आडवे असतात आणि पात्यांचं चाक त्यांच्याखाली, पाण्याच्या धारेत. छत्रपती संभाजीनगरची १७४४ च्या सुमाराची पाणचक्की मुलांना दाखवून आणा, फरक लगेच कळेल. मोसमेवर फडाचे, म्हणजे गावाने मिळून शेतीला पाणी देण्याचे, बंधारे आणि पाट आहेत, त्यावरून घरात हा समज रुजला असावा. घराजवळून कधी पाट जात होता का, हे पाहायला भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशाही काढून पाहा.

सिमेंट मात्र कृपा करून लावू नका. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि अंगातून बाहेर सोडते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा भिंतीची माती घेऊनच सुटतो. जुने वाडे असे पोखरलेले पाहिले की जीव तुटतो.

आधी छपराची गळती थांबवा, जोत्यालगतचं पाणी लांब काढा. मग दिवाळीनंतर, ऊन मवाळ असताना, चुन्याचं काम घ्या. कळीचा चुना विझवताना, म्हणजे पाण्यात टाकताना, उकळतो, डोळ्यांना जपा, मुलांना लांब ठेवा. विझलेला चुना खड्ड्यात पाण्याखाली मुरू द्या, जितका मुरेल तितका मऊ. एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग वाळू-सुरखी घाला. जुने कारागीर गुळाचं आणि बेलफळाचं पाणीही घालतात. हे मिश्रण तुमच्याच घाणीत मळा. चाकाचा मधला खुंट कुजला असेल, तेवढा सुताराकडून बाभळीचा करून घ्या.

गिलावा पातळ थरांत द्या आणि ओल्या गोणपाटाने झाका. चुना हवेतूनच हळूहळू घट्ट होतो, घाई केलीत तर तडे जातील. सुरुवात गोठ्याकडच्या भिंतीच्या हातभर तुकड्यापासून करा. तो एक पावसाळा टिकला की मग दर्शनी भिंत घ्या.