एक टर्मिनल, अनेक प्रोग्रॅम

प्रश्न : खिडक्या आणि माउस नसलेल्या जुन्या संगणकांवर, एकाच टर्मिनलसमोर (संगणकाला जोडलेल्या कीबोर्ड-पडद्यासमोर) बसलेली व्यक्ती दोन-तीन प्रोग्रॅम एकाच वेळी कशी सांभाळत असे?

उत्तर : अनेक प्रोग्रॅम एकाच वेळी चालवणे ही मुळात अडचण नव्हती, तशी सोय एमआयटीमध्ये १९६१ सालीच दाखवून झाली होती. खरा प्रश्न होता तो असा, की कीबोर्ड एकच असताना दाबलेली अक्षरे कोणत्या प्रोग्रॅमने वाचायची. युनिक्स या कार्यप्रणालीच्या सुरुवातीच्या शेलने, म्हणजे टंकलेले आदेश वाचून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमने, त्यावर साधा तोडगा काढला : आदेशाच्या शेवटी ‘&’ हे चिन्ह दिले, की शेल त्या प्रोग्रॅमचा क्रमांक छापून लगेच पुढच्या आदेशासाठी मोकळा होई. मात्र हा निर्णय आधीच घ्यावा लागे. तासभर चालणारे काम चुकून नेहमीप्रमाणे सुरू केले, तर ते संपेपर्यंत थांबणे किंवा ते मारून टाकणे, एवढेच हाती राही.

ही कोंडी कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाच्या युनिक्सने १९८० च्या सुमारास सोडवली. तिथल्या सी शेलमधील ‘जॉब कंट्रोल’ची, म्हणजे चालू काम थांबवून नंतर पुढे चालवण्याची, कल्पना मुळात ऑस्ट्रियातील एका संशोधन संस्थेत काम करणाऱ्या जिम कल्प यांनी प्रथम अमलात आणली होती. समजा, आपण व्हीआय या संपादकात प्रोग्रॅम लिहीत आहोत. कंट्रोल-झेड दाबताच संपादक आहे त्या ओळीवर गोठतो आणि शेल समोर येतो. मग प्रोग्रॅमचे संकलन (कंपाइल) करून चुका पाहायच्या आणि ‘एफजी’ म्हटले, की संपादक पूर्वीच्याच जागी परत. गोठलेले काम पडद्यामागे चालू ठेवायचे असेल, तर ‘बीजी’. पडद्यामागच्या प्रोग्रॅमने कीबोर्डकडे हात पुढे केलाच, तर खुद्द कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, त्याला थांबवतो, आणि माझ्या मते या रचनेतला सर्वांत शहाणपणाचा भाग हाच आहे. छपाईला मात्र एरवी मज्जाव नसल्यामुळे, टंकत असलेल्या ओळीच्या मधोमध भलत्याच प्रोग्रॅमची वाक्ये उमटत. शिवाय २४ ओळी आणि ८० स्तंभांचा पडदा १,९२० अक्षरांचा. सेकंदाला १२० अक्षरे वाहणाऱ्या टेलिफोन जोडणीवर तो भरगच्च असल्यास पुन्हा रेखाटायला १६ सेकंद जात, त्यामुळे संपादकात परतणे फुकटचे नव्हते.

प्रश्न : मधेच जोडणी तुटली, तर चालू कामांचे काय होई?

उत्तर : सहसा ती मरत, कारण लाइन तुटल्याचा ‘हँगअप’ संकेत मिळताच बहुतेक प्रोग्रॅम संपतात. ‘नोहप’ लावून सुरू केलेला प्रोग्रॅम तो संकेत दुर्लक्षित करतो, पण त्याच्याशी पुन्हा संवाद साधता येत नाही. ती सोय १९८७ सालच्या ‘स्क्रीन’ या प्रोग्रॅमने केली : प्रत्येक प्रोग्रॅमला स्वतःचे आभासी टर्मिनल मिळाले, आणि खरे टर्मिनल बंद पडले तरी दुसऱ्यावरून येऊन तेच काम पुढे चालू करता येऊ लागले.