४ ओहमचे स्पीकर लावले की माझा १०० वॉटचा एव्ही रिसीव्हर आवाज वाढवल्यावर बंद पडतो. २०० वॉटचा पॉवर अ‍ॅम्प घेतला तर प्रश्न सुटेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: स्पीकर ४ ओहमचे, इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध, तो सुरानुसार बदलतो) सर्वांत कमी जिथे होतो तिथे २.८ ओहम, सेन्सिटिव्हिटी (ठराविक व्होल्टला किती आवाज) २.८३ व्होल्टला १ मीटरवर ८५ डेसिबल, बसायची जागा ३ मीटरवर. रिसीव्हर सात चॅनेलचा, ८ ओहमला १०० वॉट, मागे प्रीआउट (बाहेरच्या अ‍ॅम्पला सिग्नल देणारी जोडणी) आहेत. आवाज वाढवला की आधी बास सैल पडतो, मग रिले (संरक्षणाचा स्विच) पडून सगळं बंद. मेन्यूतला इम्पीडन्स ‘४ ओहम’वर ठेवू का, असंही तुम्ही विचारलंय.

नुसता २०० वॉट हा आकडा बघून अ‍ॅम्प घेतलात तर प्रश्न सुटेलच असं नाही. वॉट जरा बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी काढा: तुम्हाला हव्या त्या आवाजासाठी किती व्होल्ट लागतात, आणि तेवढे व्होल्ट दिले की स्पीकर किती अँपिअर ओढतो.

आधी व्होल्ट. ३ मीटरवर, सामानाने भरलेल्या खोलीत साधारण ७ डेसिबल जातात, दोन स्पीकरचे ३ परत मिळतात. म्हणजे २.८३ व्होल्टला तुमच्या खुर्चीत सुमारे ८१ डेसिबल. ऑर्केस्ट्रा किंवा चांगल्या सिनेमाचे ठोके १०० डेसिबलपर्यंत हवे असतील तर आणखी १९ डेसिबल, म्हणजे व्होल्टमध्ये ८.९ पट. उत्तर येतं २५ व्होल्ट.

हे कागदावरचं झालं. घरी प्रत्यक्ष मोजणं जास्त भरवशाचं आणि त्याला साधा मल्टिमीटर पुरतो. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये २०० हर्ट्झचा साइन टोन तयार करा, अ‍ॅम्प्लिट्यूड ०.१ ठेवा, तो पूर्ण पातळीच्या २० डेसिबल खाली असतो. आता नेहमीची गाणी लावून, सगळ्यांत मोठ्या आवाजात ऐकता तिथे व्हॉल्यूम आणा आणि आकडा लिहून ठेवा. रिसीव्हर बंद करून स्पीकरच्या वायरी काढा, परत चालू करून त्याच व्हॉल्यूमवर तो टोन वाजवा आणि मीटर एसी व्होल्टवर ठेवून एका चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये मोजा. जो आकडा येईल त्याला १० ने गुणा. मीटरवर २.५ आले तर रेकॉर्डिंग पूर्ण पातळीला जाईल तेव्हा तुम्हाला २५ व्होल्ट लागणार. डायनॅमिक व्हॉल्यूमसारखी सोय चालू असेल तर आधी बंद करा, नाहीतर आकडा खोटा येतो. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प असेल तर मात्र ही चाचणी अशी करू नका: स्पीकर न लावता सिग्नल दिला तर त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

आता गंमत बघा. ८ ओहमला १०० वॉट म्हणजे २८ व्होल्ट. तुम्हाला लागतात २५. म्हणजे तुमच्या रिसीव्हरकडे व्होल्ट आहेत! तो कमी पडतोय अँपिअरमध्ये. २५ व्होल्टला ८ ओहमचा स्पीकर ३.१ अँपिअर घेतो, ४ ओहमचा ६.३, आणि तुमच्या स्पीकरच्या २.८ ओहमच्या जागी ९. शिखराला जवळपास १२.७ अँपिअर. सात चॅनेलना मिळून एकच ट्रान्सफॉर्मर आणि प्रत्येक चॅनेलला ट्रान्झिस्टरची एकच जोडी असलेल्या पेटीकडून ही अपेक्षा फार आहे. २०० वॉटचा अ‍ॅम्प ८ ओहमला ४० व्होल्ट देईल; त्यांतले १५ तुम्हाला नकोच आहेत.

स्पीकरच्या पाठीवर लिहिलेल्या ओहमवरही फार विसंबू नका. आंतरराष्ट्रीय मानकानुसार किमान इम्पीडन्स लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जाऊ नये: ८ ला ६.४, ४ ला ३.२. पण केईएफ एलएस५० वर ८ ओहम लिहिलंय आणि कंपनीच्याच माहितीत किमान ३.२ दिलंय. तुमचे स्पीकरही काटेकोरपणे बघितले तर ४ ओहमचे नाहीत. सेन्सिटिव्हिटीचंही तसंच. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला १ वॉट, पण ४ ओहमला २ वॉट. त्यामुळे तुमचे ८५ डेसिबल खरे १ वॉटला ८२ आहेत.

आलेखाशिवाय खरेदी करू नका. स्टीरिओफाइलसारख्या मासिकाने तो स्पीकर मोजला असेल तर इम्पीडन्सचा आणि फेजचा (करंट व्होल्टच्या किती मागेपुढे आहे त्याचा) आलेख मिळतो. नाही मिळाला तर स्पीकरच्या एकसर १० ओहम, १० वॉटचा रेझिस्टर लावा, अ‍ॅम्पमधून १–२ व्होल्टचा टोन द्या आणि दोन्हींवरचे व्होल्ट वेगवेगळे मोजा. स्पीकरवरचे व्होल्ट भागिले रेझिस्टरवरचे व्होल्ट, गुणिले १०: रेझिस्टरवर १.००, स्पीकरवर ०.३० असेल तर तिथे ३ ओहम. ४० ते ४०० हर्ट्झ एवढ्या पट्ट्यात वीसेक ठिकाणी मोजलंत तरी खड्डा कुठे आहे ते कळतं. त्याच्या वर साध्या मल्टिमीटरचा एसी आकडा भरवशाचा राहत नाही.

फेज हा भाग बहुतेक लोक सोडून देतात, आणि अ‍ॅम्प तिथेच मार खातात. उदाहरण घेऊ. अ‍ॅम्पची रेल (आतल्या पॉवर सप्लायची व्होल्टपातळी) ४५ व्होल्ट, आउटपुट २५ व्होल्ट म्हणजे शिखर ३५, भार ४ ओहम, म्हणजे करंटचं शिखर ८.८ अँपिअर. भार शुद्ध रेझिस्टर असेल तर करंट सर्वांत जास्त असतो तेव्हा आउटपुटही रेलच्या जवळ असतं, ट्रान्झिस्टरच्या अंगावर थोडेच व्होल्ट राहतात, आणि त्याने एका क्षणी जिरवायची उष्णता १२७ वॉटच्या वर जात नाही. आता त्याच ४ ओहमला ४५ अंशाचा फेज द्या. बऱ्याच फ्लोअरस्टँडिंग स्पीकरना ६० ते १२० हर्ट्झच्या दरम्यान असा उतार असतो. आउटपुट शून्य व्होल्टवर असतानाही ६.२ अँपिअर वाहत असतात आणि ट्रान्झिस्टरच्या अंगावर पूर्ण ४५ व्होल्ट: २८० वॉट. अ‍ॅम्प पूर्ण ताकदीला चालवला तर हे प्रमाण २.८ पटीवर जातं, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने तो ४ ओहमचा स्पीकर १.४ ओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. संरक्षणाचं सर्किट नेमकं इथे मध्ये पडतं. बासच्या ठोक्यावर ‘टिक’ किंवा चरचर ऐकू आली तर तो स्पीकरचा दोष समजू नका.

यातूनच आउटपुट ट्रान्झिस्टर किती हवेत ते ठरतं. आपल्याकडे सगळ्यांच्या परिचयाची ५२००–१९४३ ची (2SC5200 आणि 2SA1943 या ट्रान्झिस्टरची) जोडी घ्या. एका ट्रान्झिस्टरची मर्यादा १५० वॉट, पण ती २५ अंशांना. वापरात तो ७० अंशांवर गेला की ती सुमारे ९६ वर येते. २८० ला ९६ ने भागा: प्रत्येक चॅनेलला किमान तीन जोड्या. तयार बोर्ड घेऊन स्वतः बांधत असाल तर एवढं नक्की बघा, आणि ट्रान्झिस्टर ओळखीच्या दुकानातूनच घ्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काय किंवा ऑनलाइन काय, या जोडीचा नकली माल भरपूर आहे. वरून अक्षरं तीच, आतली चिप लहान, आणि अशा भाराखाली पहिल्याच दिवशी जाते.

पॉवर सप्लायचा हिशोबही करता येतो. आपल्या ५० हर्ट्झवर कपॅसिटर दर १० मिलिसेकंदांनी भरतात. मधल्या ८ मिलिसेकंदांत ९ अँपिअर ओढले आणि रेलवर १०,००० मायक्रोफॅरड असतील, तर रेल सुमारे ७ व्होल्टने खाली येते. ४५ मधून ७ गेले, ट्रान्झिस्टरसाठी ३ गेले, उरले ३५ च्या आत. ठोका कापला गेला. तुम्ही म्हणता तो ‘सैल बास’ बहुतेक हाच. २२,००० मायक्रोफॅरडला ही घसरण ३.३ व्होल्टच होते. म्हणून प्रत्येक चॅनेलच्या प्रत्येक रेलला निदान २०,००० मायक्रोफॅरड आणि दोन चॅनेलना मिळून ५०० ते ६०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर असलेला अ‍ॅम्प धरा. मागच्या पट्टीवर लिहिलेल्या वीजवापरावरून अंदाज बांधू नका; तो आकडा बहुधा पूर्ण ताकदीच्या आठव्या हिश्शावर मोजलेला असतो.

माहितीपत्रकात पहिल्यांदा २ ओहमची ओळ शोधा. ८ ओहमला १००, ४ ला १८०–१९०, २ ला ३०० च्या आसपास, दोन्ही चॅनेल एकदम चालवून, असं लिहिलं असेल तर तो अ‍ॅम्प तुमच्या कामाचा. ८ ला १००, ४ ला १३० आणि २ चा उल्लेखच नाही, तर सोडून द्या. ‘६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एक चॅनेल, १० टक्के डिस्टॉर्शन’ अशा अटी जोडलेला आकडा तुलनेलाच घेऊ नका.

क्लास डी (ट्रान्झिस्टर झटपट चालू-बंद करून चालणारे अ‍ॅम्प) बद्दल आकस ठेवायचं कारण नाही. हायपेक्सच्या एनसी४०० चा ४ ओहमला ४०० आणि २ ओहमला ५८० वॉट असा दावा आहे, तोही अगदी कमी उष्णतेत. जपायचं ते टीपीए३२५५ चिपच्या स्वस्त पेट्यांपासून. पेटीवर ३०० अधिक ३०० वॉट लिहिलेलं असतं आणि सोबत ४८ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर. म्हणजे दोन्ही चॅनेलना मिळून २४० वॉट. शिवाय त्यांतल्या बऱ्याच पेट्यांत आउटपुट फिल्टर फीडबॅकच्या (स्वतःचं आउटपुट तपासून चूक सुधारणाऱ्या सर्किटच्या) बाहेर असतो, त्यामुळे वरचा पट्टा स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे वरखाली होतो. क्लास डी च्या बऱ्याच अ‍ॅम्पचं काळं टर्मिनल ग्राउंड नसतं. मोजताना साउंडकार्डचं किंवा ऑसिलोस्कोपचं ग्राउंड तिथे लावू नका.

मेन्यूतला इम्पीडन्स ४ वर ठेवलात तर बहुतेक रिसीव्हर आतली रेल कमी करतात. पेटी थंड राहते, पण तुमचे २८ व्होल्ट खूप खाली येतात आणि आवाज आधीच फाटायला लागतो. बंद पडणं थांबेल, ऐकण्याचा प्रश्न तसाच राहील.

स्टीरिओ अ‍ॅम्प ब्रिज करून (दोन्ही चॅनेल एकाच स्पीकरला जोडून) मोनो वापरायचा सल्ला तुम्हाला कोणी तरी देईलच. तुमच्या स्पीकरला तो अगदी चुकीचा आहे. ब्रिजमध्ये प्रत्येक बाजूला निम्मा इम्पीडन्स दिसतो: ४ चे २, आणि २.८ चे १.४. रिसीव्हरचे उरलेले चॅनेल वापरून बायअ‍ॅम्प (बास आणि ट्रेबलला वेगळे चॅनेल) केल्यानेही ट्रान्सफॉर्मर आणि रेल त्याच राहतात. ट्रान्झिस्टरवरचा भार थोडा वाटला जातो, पण सप्लायची ओढ आहे तेवढीच.

सगळेच अवघड स्पीकर तुमच्यासारखे नसतात, हेही सांगायला हवं. मॅग्नेपॅनचे सपाट स्पीकर ४ ओहमचे आणि कमी सेन्सिटिव्हिटीचे, पण जवळपास शुद्ध रेझिस्टर. त्यांना व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही हवेत, फेजची कटकट नाही. क्वाडचा जुना इलेक्ट्रोस्टॅटिक १९५७ चा, त्याचा इम्पीडन्स बासला भरपूर आणि ट्रेबलला २ ओहमच्या खाली. त्याला मोठा अ‍ॅम्प लावला तर आत ठिणगी पडून पॅनेल जाऊ शकतं. अपोजी सिंटिला १ ओहमवर चालवता येणारा. तिथे फार थोडे अ‍ॅम्प टिकतात. व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स २ ओहम धरला आणि स्पीकर ३ ते २० ओहम फिरत असेल, तर नुसत्या त्या कारणाने आवाजात साडेतीन डेसिबलचा चढउतार येतो. तुमच्या स्पीकरला मी तो सुचवणार नाही.

तुमच्यासाठी माझं मत: रिसीव्हर ठेवा, पुढच्या दोन चॅनेलना प्रीआउटवरून स्टीरिओ पॉवर अ‍ॅम्प लावा. ८ ओहमला १००–१२० वॉट पुरेत, अट फक्त २ ओहमची. गेन (सिग्नल किती वाढतो ते) २६ डेसिबल म्हणजे २० पट असेल तर २५ व्होल्टसाठी प्रीआउटमधून १.२५ व्होल्ट लागतील. तुमचा प्रीआउट तेवढे स्वच्छ देतो का ते आधी बघा. बजेट कमी असेल तर क्राउन एक्सएलएस १५०२ सारखा व्यावसायिक अ‍ॅम्पही चालतो (८ ला ३००, ४ ला ५२५, २ ला ७७५ वॉट, इनपुट सेन्सिटिव्हिटी बदलता येते), पण शांत खोलीत त्याचा पंखा ऐकू येऊ शकतो. एक्सएलआर इनपुट वापरायचं असेल तर केबलमध्ये पिन २ ला सिग्नल द्या, पिन ३ आणि १ एकत्र ग्राउंडला. गुणगुण आली तर अर्थची पिन कापू नका. आधी केबल टीव्हीची किंवा डिशची कोअ‍ॅक्स काढून बघा, बऱ्याचदा दोषी तीच असते.

स्पीकरला घरच्या वायरिंगची २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते: ५ मीटरला जाऊन-येऊन ०.०७ ओहम. अमेरिकेहून कोणी १२० व्होल्टचा अ‍ॅम्प आणून देत असेल तर आत २३० ची जोडणी करता येते का ते विचारा. बाहेरून स्टेपडाउन लावायचा तर तो निदान १००० व्हीएचा हवा, आणि फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर तापतो आणि गुणगुणतो. मोठा टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) चालू करताना एमसीबी पडत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून त्या लाइनवर बी ऐवजी सी कर्व्हचा (सुरुवातीचा झटका जास्त सोसणारा), तेवढ्याच अँपिअरचा एमसीबी बसवून घ्या. जास्त अँपिअरचा बसवू नका. आणि अ‍ॅम्प बंद कपाटात ठेवू नका. वर निदान १० सेंटिमीटर मोकळी जागा सोडा. मे महिन्यात नागपूरला खोलीच ४० अंशांवर असते, तेव्हा हीट सिंकला सुरुवातच तिथून करावी लागते.