स्ट्रोकनंतर बाबांना बोलता येत नाही, पण सगळं कळतंय असं वाटतं. घरी काय करावं?

तुम्हाला वाटतंय ते बहुधा बरोबरच आहे. याला वाचाघात म्हणतात. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की शब्द सापडेनासे होतात, बुद्धी मात्र शाबूत असते. पॅरिसचे डॉक्टर पॉल ब्रोका यांनी 1861 मध्ये वर्णन केलेल्या रुग्णाला फक्त 'टॅन' एवढंच म्हणता येई, पण बोललेलं बरंचसं समजत असे.

माझ्या आईला चहा हवा असायचा आणि तोंडातून यायचं 'चावी'. आम्ही घाईघाईने शब्द पुरवायचो, ती चिडून मान फिरवायची. मग टीव्ही बंद करून समोर बसायला लागलो. छोटं वाक्य, एका वेळी एकच प्रश्न, आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत गप्प. कप आणि पाण्याचा ग्लास दोन्ही पुढे धरले की ती बोट दाखवायची. हे थांबणंच सगळ्यात अवघड गेलं, आणि उपयोगही त्याचाच जास्त झाला.

लिहून दाखवा म्हणू नका, बऱ्याचदा लिहिणंही गेलेलं असतं. आरती म्हणून बघा. बोलता न येणाऱ्यांनाही पाठ असलेलं पुष्कळदा गाता येतं.

स्पीच थेरपी लवकर सुरू करा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग ही वाचा आणि श्रवणदोषांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण नंतरही वर्षानुवर्षं होत राहते.

आणि पाहुण्यांसमोर त्यांच्याबद्दल 'त्यांना काही कळत नाही' असं कोणालाही बोलू देऊ नका. ते ऐकत असतात.