विंडोजवर एकच ओळ बदलली, तरी गिटच्या (फाइलींमधल्या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या प्रोग्रामच्या) डिफमध्ये, म्हणजे जुन्या-नव्या मजकुराच्या तुलनेत, अख्खी फाइल लाल-हिरवी का होते? फाइल बदललेली गिटला कळते तरी कशी?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय, 'मित्र म्हणतो गिट मागे बसून फाइलींवर पाळत ठेवतं.' नाही हो. 'गिट स्टेटस' म्हणेपर्यंत गिट चालूच नसतं.

'.गिट' फोल्डरात 'इंडेक्स' नावाची बायनरी फाइल असते. तिच्यात प्रत्येक फाइलची साइज, एमटाइम (मजकूर शेवटचा बदलल्याची वेळ), सीटाइम (फाइलची माहिती शेवटची बदलल्याची वेळ), आयनोड (डिस्कवरचा तिचा नंबर), मोड (परवानग्या) आणि मजकुराचा शा-१ हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा, नोंदलेला असतो. स्टेटसच्या वेळी गिट आधी फक्त ही वरवरची माहिती ताडून बघतं. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या पेटीवरची चिठ्ठी अन् वजन जुळलं की पेटी फोडत नाहीत, तसंच. जुळलं नाही तरच फाइल उघडून हॅश काढला जातो. म्हणून नुसतं 'टच' (फाइलची वेळ बदलणारी कमांड) केलं तर एमटाइम बदलतो, पण हॅश तोच निघतो आणि स्टेटस कोरं येतं. या नोंदी बघायच्या असतील तर 'गिट एलएस-फाइल्स --डीबग'.

आता तुमची लाल-हिरवी फाइल. नागपुरात परसोडीच्या आयटी पार्कातल्या एका टीमचं उदाहरण घ्या, कारण हे दुखणं तिथे महिनाभर चाललं. तीन मशीन विंडोजवर, एक उबुंटूवर, आणि दोन हजार ओळींची एक सीएसएस फाइल. विंडोजवर ओळीच्या शेवटी सीआर आणि एलएफ अशी दोन अदृश्य चिन्हं लागतात (सीआरएलएफ), उबुंटूवर फक्त एलएफ. कमिट करताना (बदल गिटमध्ये नोंदवताना) सीआरएलएफचं एलएफ करणारी 'कोअर.ऑटोसीआरएलएफ' ही सेटिंग विंडोजच्या दोन मशीनवर ट्रू, तिसऱ्यावर फॉल्स. तिसऱ्या मशीनच्या एडिटरने सीआरएलएफ लावून फाइल सेव्ह केली आणि ती तशीच कमिट झाली. ओळीमागे एक बाइट जास्त, म्हणजे फाइल दोन हजार बाइटने फुगली. मग उबुंटूवाल्याच्या एडिटरने सगळं परत एलएफ केलं. प्रत्येक ओळ वेगळी, हॅश वेगळा, मर्जला (दोघांचे बदल एकत्र करताना) रोज कॉन्फ्लिक्ट. यावर टीममधल्या सीनियरचं ठरलेलं औषध: 'डिलीट मारा, परत क्लोन करा', म्हणजे सर्व्हरवरून नवी प्रत उतरवा. क्लोन केल्यावर स्टेटस स्वच्छ दिसायचं, अन् पुढच्या सेव्हला पुन्हा तेच.

खरं निदान एका कमांडचं आहे: 'गिट एलएस-फाइल्स --ईओएल'. त्यात 'आय/' म्हणजे इंडेक्समध्ये काय, 'डब्ल्यू/' म्हणजे डिस्कवर काय. 'आय/सीआरएलएफ' किंवा 'आय/मिक्स्ड' दिसलं की रोग सापडला. आधी सगळ्यांना आपापलं काम पुश करायला (सर्व्हरवर पाठवायला) लावा. मग '.गिटअॅट्रिब्यूट्स'मध्ये '* टेक्स्ट=ऑटो' (मजकुराच्या फाइली गिटमध्ये एलएफनेच ठेव) ही ओळ टाका, 'गिट अॅड --रीनॉर्मलाइझ .' चालवा आणि हे वेगळं कमिट करा, दुसरं काही त्यात मिसळू नका. जुन्या ब्रँच (कामाच्या वेगळ्या शाखा) मर्ज करताना '-एक्स रीनॉर्मलाइझ' द्या, नाहीतर तीच मारामारी परत. तोवर खरा बदल बघायचा असेल तर 'गिट डिफ --इग्नोर-सीआर-अॅट-ईओएल'.

डब्ल्यूएसएलमधून (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समधून) '/एमएनटी/सी' खालचा, म्हणजे सी ड्राइव्हवरचा, रेपो (प्रोजेक्टचं गिट फोल्डर) उघडला की १००६४४ (साधी फाइल) चं १००७५५ (चालवता येणारी फाइल) झालेलं दिसतं, तो मोडचा घोळ. त्या रेपोत 'कोअर.फाइलमोड' फॉल्स करा, संपलं.

एक भानगड राहिली. इंडेक्स लिहिला त्याच क्षणी फाइलही बदलली आणि साइज तीच राहिली, तर चिठ्ठी जुळते पण माल वेगळा. गिटवाले याला 'रेसी' म्हणतात. म्हणून फाइलचा एमटाइम इंडेक्सच्या वेळेएवढा किंवा त्यानंतरचा असला, तर गिट चिठ्ठीवर भरवसा ठेवत नाही, मजकूर वाचतंच. पण 'कोअर.ट्रस्टसीटाइम' फॉल्स असताना (म्हणजे सीटाइम ताडलाच जात नसताना) कोणी 'सीपी -पी'ने (एमटाइम तसाच ठेवून कॉपी करणाऱ्या कमांडने) तेवढ्याच साइजची, तोच एमटाइम असलेली दुसरी फाइल वर चढवली, तर गिट फसू शकतं.

आणि हो, पाळतीबद्दल मित्र पूर्ण चूक नाही. २०२२ च्या गिट २.३७ पासून विंडोज आणि मॅकवर 'कोअर.एफएसमॉनिटर' ट्रू केलं तर खरंच एक डीमन (सतत चालू राहणारा प्रोग्राम) मागे बसतो आणि कोणत्या फाइली हलल्या ते सांगतो. लाखभर फाइलींचा रेपो असेल तर लावा, कॉलेजच्या प्रोजेक्टला काय करायचंय!

बाकी 'परत क्लोन करा' म्हणणारा तुमच्याकडेही भेटेलच. जुनं फोल्डर उडवण्याआधी त्याच्यासमोर 'गिट स्टॅश लिस्ट' (बाजूला ठेवलेले बदल) आणि 'गिट लॉग --ब्रँचेस --नॉट --रिमोट्स' (पुश न केलेली कमिट) चालवा. त्यात जे दिसेल, ते नव्या क्लोनमध्ये येत नाही.